लघुग्रहाला शेपूट फुटलं का? पावसाळी रात्रींसाठी एक काम

मृगाच्या सरी सुरू झाल्या की गोव्यात, फोंड्याला आम्ही दुर्बीण पेटीत ठेवतो. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, तरी भिंगावर बुरशी धरेल ही धास्ती असतेच. मग चवथ होऊन आभाळ उघडेपर्यंत नुसती वाट बघायची. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू उत्तर गोलार्धातल्या लोकांना साध्या डोळ्यांनी दिसत होता. आम्ही कौलांवरचा पाऊस ऐकत बसलो होतो. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

पुढे अशाच पावसाळी रात्रींत मला एक काम सापडलं. चिलीतल्या कोरड्या डोंगरावरून टिपलेली छायाचित्रं एकेक करून बघायची आणि त्यांतल्या एखाद्या लघुग्रहाला धूमकेतूसारखं शेपूट फुटलंय का ते सांगायचं. दुर्बीण लागत नाही. गणित सुरुवातीला तरी लागत नाही. डोळा मात्र घडवावा लागतो. तो कसा घडवायचा ते नवख्यांना सांगावं म्हणून हे लिहितोय.

शोधायचं काय, हे आधी

दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखा दिसतो, नुसतं टिंब. धूमकेतूचं तसं नाही. तो सूर्याजवळ आला की त्याच्यातल्या बर्फाची थेट वाफ होते, वाफ आपल्याबरोबर धूळ उधळते, त्या धुळीचं धूसर आवरण भोवती पसरतं आणि एका बाजूला शेपूट निघतं. त्या आवरणाला कोमा म्हणतात. खडक तो लघुग्रह, बर्फाळ तो धूमकेतू, अशी सरळ वाटणी बरीच वर्षं चालली.

१९७९ मध्ये मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात एक साधा लघुग्रह सापडला होता. १९९६ मध्ये एरिक एल्स्ट आणि ग्विडो पिझारो यांना ला सिला वेधशाळेतल्या छायाचित्रांत त्याच लघुग्रहाला शेपूट दिसलं. आज त्याला दोन ओळखी आहेत: लघुग्रह म्हणून ७९६८ एल्स्ट-पिझारो आणि धूमकेतू म्हणून १३३पी. सूर्याभोवतीच्या त्याच्या फेरीला साधारण साडेपाच वर्षं लागतात आणि सूर्याजवळ आल्यावर त्याचं शेपूट पुन्हा पुन्हा दिसलंय. नुसत्या धडकेनं धूळ उडाली असती तर ती एकदाच उडाली असती. दर फेरीला उडते म्हटल्यावर आत बर्फ असणार, हा तर्क तिथून बळकट झाला. २००६ मध्ये हेन्री शे आणि डेव्हिड ज्युइट यांनी अशा वस्तूंचा स्वतंत्र वर्ग मांडला: मुख्य पट्ट्यातले धूमकेतू. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला यांच्यापैकीच २३८पी या धूमकेतूभोवती पाण्याची वाफ प्रत्यक्ष आढळली.

शेपूट मात्र बर्फामुळेच येतं असं नाही. २०१० च्या डिसेंबरात ५९६ शायला या शंभरावर किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाभोवती एकाएकी धूळ दिसली. त्याच्यावर दुसरा छोटा दगड आदळला होता. ६४७८ गॉल्टला २०१९ मध्ये शेपटं दिसली, तिथे संशय भोवऱ्यासारख्या वेगवान फिरण्यावर आहे. सुटे दगड नुसत्या गुरुत्वानं एकत्र राहिलेला लघुग्रह सव्वादोन तासांपेक्षा कमी वेळात स्वतःभोवती फिरू लागला, तर विषुववृत्तावरची माती सुटायला लागते. ३११पी या लघुग्रहाला तर २०१३ मध्ये हबल दुर्बिणीनं सहा शेपटं मोजली. हे सगळे मिळून सक्रिय लघुग्रह. माहीत असलेल्या १४ लाखांहून अधिक लघुग्रहांत असे सापडलेत ते काही डझनच. इतके विरळ असल्यामुळेच ते शोधायला माणसं लागतात.

बसायची तयारी

सामान्य लोक संशोधनाला हातभार लावतात अशा झूनिव्हर्स नावाच्या संकेतस्थळावर ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅस्टरॉइड्स’ हा प्रकल्प आहे. कॉलिन ओरायन चँडलर यांनी तो ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केला, नासाचं त्याला पाठबळ आहे. खातं न उघडताही काम करता येतं, पण उघडा, म्हणजे तुम्ही केलेली नोंद तुमच्या नावावर राहते. पैसे लागत नाहीत. भाषा इंग्रजी आहे, पण प्रश्न एकच असतो: मधल्या वस्तूला शेपूट किंवा कोमा दिसतो का? हो किंवा नाही.

छायाचित्रं येतात चिलीतल्या सेर्रो तोलोलोवरच्या चार मीटरच्या ब्लांको दुर्बिणीवरून. तिला ५७ कोटी पिक्सेलचा डार्क एनर्जी कॅमेरा बसवलाय. नावावरून कळतंच, तो दूरच्या दीर्घिकांसाठी बांधला. त्या दीर्घिकांची छायाचित्रं घेताना मधून एखादा लघुग्रह चालत गेला आणि टिपला गेला. ज्यांनी छायाचित्र काढलं त्यांना त्याचं काही नव्हतं. अशी वर्षानुवर्षांची छायाचित्रं साठून आहेत. संगणक कक्षेच्या गणितानं कोणता लघुग्रह कुठल्या छायाचित्रात असेल ते काढतो आणि त्याच्याभोवतीचा छोटा चौकोन कापून आपल्यापुढे ठेवतो. चौकोन साधारण दोन कलांचा (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या पंधराव्या हिश्शाएवढा. लघुग्रह मधोमध असतो.

मोबाइलवरही चालतं, पण मी सांगेन की लॅपटॉपवर बसा. खोलीतला दिवा मालवा, पडद्याचा उजेड मध्यम ठेवा आणि पडद्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. हे हसण्यावारी नेऊ नका. फिकट कोमा आणि पडद्यावरचा बोटाचा डाग यांत रात्री अकराला फरक कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, जाऊन या. डोळे थकले की आधी सगळीकडे शेपटं दिसू लागतात आणि मग कुठेच दिसेनाशी होतात.

आधी शेजारी बघा

सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते हेच, म्हणून जरा थांबून सांगतो.

डिसेंबरात पहाटे खांडेपारच्या पुलावरून जाताना नदीवर धुकं असतं. पुलावरच्या प्रत्येक दिव्याभोवती पांढरं कडं दिसतं. सगळ्याच दिव्यांना कडं असेल तर धुकं हवेत आहे, दिव्याचा त्यात काही संबंध नाही. पण सगळे दिवे स्वच्छ असताना एकाच दिव्याभोवती कडं दिसलं तर त्या दिव्यापाशी काहीतरी आहे, कुणी खाली शेकोटी पेटवली असेल. छायाचित्र नेमकं असंच वाचायचं. मधलं टिंब आधी बघूच नका. आजूबाजूचे चार-पाच तारे बघा. ते गोल आहेत की लांबुळके? कडा रेखीव आहेत की पसरट? त्या रात्री सेर्रो तोलोलोवर हवा अस्थिर असेल तर सगळेच तारे फुगलेले दिसतील. मग मधल्या टिंबाचा फुगीरपणा पुरावा म्हणून धरता येत नाही. जवळपास तेवढ्याच तेजाचा तारा निवडा, त्याची रुंदी आणि लघुग्रहाची रुंदी ताडून बघा. एवढं जमलं की निम्मं काम जमलं.

दुसरी गोष्ट लघुग्रहाच्या चालण्याची. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना तासाला साधारण तीस विकला सरकतो (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला). कॅमेरा पाच मिनिटं उघडा राहिला तर तेवढ्यात तो अडीच विकला पुढे गेलेला असतो. म्हणून तारे गोल आणि लघुग्रह छोट्या काडीसारखा, हे चित्र अगदी नेहमीचं. काडी दोन्ही टोकांना सारखीच जाड आणि सारखीच ठळक असेल तर ती फक्त चाल आहे. शेपूट एका बाजूनं निघतं, मुळाशी दाट असतं आणि पुढे विरत जातं.

फसवणारी मंडळी

पहिल्या आठवड्यात मी एका चित्रावर जवळजवळ उडीच मारली होती. टिंबापासून खाली उजवीकडे जाणारी लखलखीत रेघ. भाची सुट्टीला आली होती, तिला हाक मारून दाखवली. ती पडद्याजवळ नाक नेऊन बघत राहिली आणि म्हणाली, “मामा, ही रेघ टिंबाला चिकटलीय कुठे?” मोठं करून बघितलं. रेघ आणि टिंब यांच्यात दोन-तीन पिक्सेलची काळी फट होती. रेघही एकाच पिक्सेलाएवढी बारीक, आजूबाजूच्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा तीक्ष्ण. तो वैश्विक किरण होता. अवकाशातून आलेला वेगवान कण कॅमेऱ्याच्या चिपवर थेट आदळतो. त्याचा ठसा वातावरणातून किंवा भिंगांतून येतच नाही, म्हणून तो ताऱ्यांसारखा मऊ होत नाही. तेव्हापासूनचा माझा नियम: ताऱ्यांपेक्षा तीक्ष्ण दिसणारी कुठलीही गोष्ट आकाशातली नाही.

वैश्विक किरण ओळखायला आठवडा पुरतो. दीर्घिका मात्र वर्षभरानंतरही फसवतात. कडेवरून दिसणारी चक्राकार दीर्घिका म्हणजे फिकट, लांबट, दोन्हीकडे विरत जाणारी पट्टी. लघुग्रह नेमका तिच्या टोकाशी येऊन उभा राहिला तर ती हुबेहूब शेपूट वाटते. इथे डोळा कितीही घडलेला असला तरी पुरा पडत नाही, ताडूनच बघावं लागतं. दीर्घिका जागची हलत नाही, लघुग्रह हलतो. त्याच जागेचं दुसऱ्या तारखेचं छायाचित्र मिळालं आणि त्यात लघुग्रह नसूनही पट्टी तिथेच असली, तर निकाल लागला. पॅनस्टार्स आणि लेगसी सर्व्हे या आकाश-पाहणी प्रकल्पांची छायाचित्रं कुणालाही फुकट बघता येतात. विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातल्या जागेचा पत्ता सांगणारे दोन आकडे, घातले की ती जागा समोर येते.

बाकीच्यांची ओळख लवकर होते. ठळक ताऱ्यांना अधिक चिन्हासारखे फाटे असतात, ते दुर्बिणीच्या तोंडाशी कॅमेरा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे. फारच ठळक तारा असेल तर त्याचा विद्युतभार चिपवर सांडून सरळ पांढरी रेघ उमटते. चौकोनभर आडवी गेलेली रेघ बहुधा उपग्रहाची. फिकट मोठी चकती किंवा वडा दिसला तर तो चौकोनाबाहेरच्या ताऱ्याच्या उजेडाचं प्रतिबिंब. चित्राचा एक भाग काळाच असेल तर तिथे चिपची कड आली. यांतलं काही लघुग्रहाला स्पर्श करत नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करून मधल्या वस्तूचं उत्तर द्या.

“नाही” म्हणायला शिका

नवख्यांची एक अडचण मी वारंवार बघितलीय. शंभर चित्रांत शंभर वेळा “नाही” दाबल्यावर त्यांना वाटतं, आपल्या हातून काही होतच नाही. मग एकशेएकाव्याला उगाच “हो” दाबलं जातं. असं करू नका. एकच चित्र अनेकांपुढे जातं आणि सगळ्यांच्या उत्तरांचा ताळा घेऊन संशयित निवडले जातात. तुमचं खरं “नाही” त्या ताळ्यात तितकंच मोलाचं असतं. कुठल्या लघुग्रहाला शेपूट नाही हे माहीत असल्याशिवाय किती लघुग्रहांना आहे याचं प्रमाण काढता येत नाही. मार्च २०२४ मध्ये प्रकल्पानं पहिल्या दोन वर्षांचा हिशेब दिला: आठ हजारांहून अधिक स्वयंसेवक, चार लाख तीस हजारांवर छायाचित्रं आणि हाती लागलेल्या नव्या सक्रिय वस्तू पंधराच्या आसपास. ते प्रमाण डोळ्यांपुढे ठेवून बसा.

शंका खरीच असेल तर “हो” दाबायला कचरूही नका. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. ते टिंबाला चिकटलंय का? ते शेजारच्या ताऱ्यांइतकं किंवा त्यांच्यापेक्षा मऊ आहे का? शेजाऱ्यांना तसं काही नाही ना? तिन्हींची उत्तरं पटली की “हो”.

थोडं गणित, ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी

संशयित वस्तूचं नाव आणि छायाचित्राची तारीख कळली की घरबसल्या तीन गोष्टी तपासता येतात.

पहिली, शेपटाची दिशा. धूळ कुठल्याही बाजूला जात नाही. सूर्याच्या उलट दिशा एक, आणि लघुग्रह ज्या मार्गानं आला ती मागची दिशा दुसरी. शेपूट बहुतेक वेळा या दोहोंपाशी किंवा दोहोंच्या मध्ये असतं. नासाच्या जेपीएलची होरायझन्स ही सेवा या दोन्ही दिशांचे कोन त्या तारखेला देते. कोन उत्तरेपासून पूर्वेकडे मोजतात. चित्रात उत्तर वर आणि पूर्व डावीकडे असेल तर घड्याळाच्या काट्याच्या उलट मोजत जायचं. कागदावर दोन बाण काढा. दिसलेली पट्टी या बाणांच्या भलतीकडे असेल तर दीर्घिकेचा संशय घ्या.

दुसरी, लघुग्रह तेव्हा सूर्यापासून किती दूर होता. बर्फामुळे होणारी हालचाल उपसूर्य बिंदूच्या, म्हणजे कक्षेतल्या सूर्याला सर्वांत जवळच्या जागेच्या, आगेमागे जास्त संभवते. तिथून फार लांब असताना शेपूट दिसलं तर धडक किंवा वेगवान फिरणं असेल, किंवा आपण फसलो असू.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते, टिसरँड अंक. गुरूच्या संदर्भात कक्षेची जात सांगणारा हा आकडा. ढोबळमानानं तीनच्या वर असेल तर कक्षा लघुग्रहाची, खाली असेल तर धूमकेतूची. कृती अशी: ५.२ (गुरूचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर, पृथ्वीच्या अंतराच्या पटीत) ला लघुग्रहाच्या कक्षेच्या अर्धदीर्घ अक्षानं, म्हणजे लांबीच्या निम्म्यानं, भागा, हा पहिला भाग. मग अक्ष भागिले ५.२, गुणिले (एक वजा विकेंद्रतेचा, म्हणजे कक्षेच्या लांबटपणाच्या आकड्याचा, वर्ग), या सगळ्याचं वर्गमूळ काढा आणि त्याला कक्षेच्या तिरपेपणाच्या कोसाइनच्या दुपटीनं गुणा, हा दुसरा. दोन्हींची बेरीज करा. एल्स्ट-पिझारोसाठी अक्ष ३.१६, विकेंद्रता ०.१६, तिरपेपणा १.४ अंश. पहिला भाग १.६५, दुसरा १.५४, बेरीज ३.१८ च्या आसपास. म्हणजे वाट लघुग्रहाची, आणि तरी शेपूट. दहावीच्या वर्गात कॅलक्युलेटर घेऊन हे करून दाखवा, मुलं मान वर करत नाहीत. हा आकडा जेपीएलच्या यादीत तयारही मिळतो, पण एकदा तरी हातानं काढा.

सापडल्यासारखं वाटलं तर

प्रकल्पात चर्चेची जागा आहे. तिथे त्या चित्राखाली आपलं निरीक्षण लिहा: कुठल्या दिशेला, किती लांब, कुठल्या ताऱ्याशी ताडून बघितलं, दुसऱ्या छायाचित्रात ती जागा रिकामी दिसली का. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, मोजमाप स्पष्ट हवं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर “मी धूमकेतू शोधला” असं टाकू नका. शास्त्रज्ञ जुनी छायाचित्रं तपासतात, गरज पडल्यास मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा बघतात, मग निबंध लिहिला जातो. याला महिने, कधी वर्षं लागतात. स्वयंसेवकांची नावं निबंधांत सहलेखक म्हणून आलेली आहेत, तेव्हा श्रेयाची काळजी करू नका.

स्वतःजवळ एक वही ठेवा. माझ्या वहीत दर बैठकीची तारीख, किती चित्रं बघितली, कशानं फसवलं आणि त्या फसवणाऱ्या वस्तूचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र असतं. कधी प्रकल्पातला चित्रांचा साठा संपतो, नवा येईपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा ही वही चाळायची.

आभाळ उघडल्यावर

पडद्यावरच्या टिंबांशी नातं जुळायचं असेल तर एकदा खरा लघुग्रह डोळ्यांनी बघावा. ४ व्हेस्टा आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा साध्या द्विनेत्रीतून दिसतो. त्या भागातल्या ताऱ्यांचं चित्र कागदावर काढा, दोन रात्रींनी पुन्हा काढा. जो “तारा” चंद्राच्या रुंदीएवढा सरकलाय तो व्हेस्टा. पणजीतल्या असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी या संस्थेतली जुनी मंडळी नवख्यांना द्विनेत्री कशी धरायची इथपासून शिकवतात, त्यांच्या कार्यक्रमांना जा.

आणि १३ डिसेंबरची रात्र मोकळी ठेवा. मिथुनेतला उल्कावर्षाव तेव्हा भरात असतो. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून येतात, हा मात्र ३२०० फेथॉन या लघुग्रहाच्या मार्गावरून येतो. १९८३ मध्ये आयरास उपग्रहानं तो शोधला. दर १.४ वर्षांनी तो सूर्याच्या इतका जवळून जातो की बुध त्याच्या बाहेर राहतो, आणि त्या वेळी त्याला शेपूटही फुटतं. २०२३ मध्ये कळलं की ते शेपूट धुळीचं नसून सोडियमच्या वायूचं आहे. मग एवढ्या उल्कांची धूळ त्यानं कधी आणि कशी उधळली, हा प्रश्न अजून उभाच आहे.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या दिव्यांपासून दूर, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या भागात, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला मोकळ्या जागी चटई टाका. दव फार पडतं, अंगावर घ्यायला गोधडी न्या. दहानंतर पूर्वेकडे तोंड करा. मध्यरात्र उलटली की मिथुन डोक्यावर येते, मग मान वळवायचीही गरज राहत नाही.